रशियन शिकतेय (नाशिक): विभक्त्या, हस्ताक्षर आणि पुढच्या वर्षाचा प्रश्न

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी एस. वाय. बी. ए.ला आहे, राहायला पंचवटीत. जुलैपासून कॉलेज सांभाळून रशियनच्या सर्टिफिकेट कोर्सला जाते. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड-दीड तास. सुरुवातीला वर्गात बावीस जण होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मोजलं तर नऊ. मला सोडायचं नाही, हे आधीच सांगते. पण मागच्या चाचणीत चाळीसपैकी अकरा मार्क पडले. त्या दिवशी मी घरापर्यंत चालत आले, रिक्षात बसून कुणाशी बोलायची इच्छा नव्हती.

लिपी जमली. तेहतीस अक्षरं दहा दिवसांत पक्की झाली. इंग्रजी 'पी' दिसतो तो र, 'एच' दिसतो तो न, 'सी' म्हणजे स, हे एकदा डोक्यात बसलं की बसलं. उपाहारगृहाच्या पाटीवर 'पेक्टोपाह' दिसतं ते 'रेस्तरान' असतं, हे कळलं त्या दिवशी मी घरी सगळ्यांना वहीत लिहून दाखवलं होतं.

अडलंय ते विभक्त्यांत. आमचं पुस्तक इंग्रजीतून, शिकवणंही इंग्रजीतून. सहा विभक्त्या, तीन लिंगं, दोन वचनं असा भला मोठा तक्ता भिंतीला चिकटवलाय. जेनिटिव्ह, डेटिव्ह, इन्स्ट्रुमेंटल ही नावं झोपेतसुद्धा सांगेन, पण वाक्य बोलायची वेळ आली की कुठलं कुठे लावायचं तेच सुचत नाही.

दुसरं म्हणजे हस्ताक्षर. छापील वाचता येतं, पण फळ्यावर हाताने लिहिलेलं वाचता येत नाही. त चा एम होतो, द चा जी होतो, आणि इ, श, म एका शब्दात आले की नुसत्या दांड्याच दांड्या.

आणि एक चूक पुन्हा पुन्हा होते. 'मी कादंबरी वाचली' असं सांगायचं होतं, मी लिहिलं 'या प्रचिताल रमान'. लाल गोल आला. का चुकलं ते कळलं नाही.

पुढच्या वर्षी डिप्लोमा करायचा तर पुण्याला जावं लागेल बहुतेक. बाबा विचारतात, याचं पुढे काय? मला नीट उत्तर देता येत नाही. मला भाषा आवडते एवढंच सांगता येतं. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगाल का?

सामान्यरूप

गोदाकाठची, तुला एकेरी हाक मारते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवते. रशियन फार नाही, दोन वर्षं शिकले होते, पण विभक्त्यांनी मला कधी रडवलं नाही. त्याचं कारण सांगते.

आपल्या गावाचं नाव घे. आजीच्या तोंडी काय असतं? नाशकात, नाशकाला, नाशकाहून. 'नाशिक' या शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी तो स्वतः बदलतो, त्यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. आता हेच नाव रशियनमध्ये टाक. व्यंजनान्त आहे म्हणून पुल्लिंगी. 'व नाशिके' म्हणजे नाशकात. 'इज़ नाशिका' म्हणजे नाशकाहून. जे काम आपण बोलताना विचार न करता करतो, तेच तिथे करायचंय. मॉस्कोचं तसंच. 'व मस्क्व्ये' मॉस्कोत, 'व मस्क्वू' मॉस्कोला, 'इज़ मस्क्वी' मॉस्कोहून.

तो इंग्रजी तक्ता भिंतीवरून काढ आणि शाळेतल्या नावांनी पुन्हा लिही. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी. पंचमी त्यांच्याकडे वेगळी उरली नाही, तिचं काम शब्दयोगी लावून षष्ठी करते. 'इज़ नाशिका' मध्ये तेच झालंय. संबोधनाची वेगळी विभक्ती आजच्या रशियनमध्ये नाही. झाल्या सहा.

आता ही वाक्यं मोठ्याने म्हण. 'म्न्ये न्रावित्स्या' मला आवडतं. 'म्न्ये खोलद्ना' मला थंडी वाजते. 'म्न्ये देवित्नात्सत ल्येत' मला एकोणीस वर्षं झाली. इंग्रजीत हे सगळं 'आय'ने सुरू होतं, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला चतुर्थी अवघड वाटते. तू तर जन्मापासून 'मला' म्हणतेयस. 'माझ्याकडे पुस्तक आहे' घे. 'उ मिन्या येस्त क्नीगा.' माझ्याकडे, आहे, पुस्तक. यात 'हॅव्ह' कुठून आणणार?

तुझ्या लाल गोलाचं कारण मात्र मराठीच आहे, ते नीट समजून घे. मराठीत 'मी कादंबरी वाचली, मी लेख वाचला', क्रियापद कर्माच्या लिंगाने चालतं. रशियनमध्ये भूतकाळी क्रियापद नेहमी कर्त्याच्या लिंगाने चालतं. 'रमान' म्हणजे कादंबरी हा शब्द त्यांच्याकडे पुल्लिंगी, म्हणून तू 'प्रचिताल' केलंस. बोलणारी तू आहेस, मुलगी आहेस, तर 'प्रचिताला'. तुझा भाऊ बोलला तर 'प्रचिताल'. 'तो आला, ती आली' या चालीवर सगळी क्रियापदं चालव, चुकणार नाहीस.

ओझरचा_जुना

धागा वाचून फार बरं वाटलं. मी १९७८ साली ओझरला विमान कारखान्यात लागलो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठी उभा राहिलेला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी विभागणी. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० आली. त्यामुळे नाशिकला रशियन नवी नाही बेटा. आमच्या वस्तीत तिचा आवाज होता.

मी रशियन शिकलो ते पेट्यांवरून. लाकडी पेटी उतरवली की बाजूला काळ्या शाईत ठोकळा अक्षरं. वरच्या अंगाला 'वेर्ख', म्हणजे वरची बाजू. खाली 'ने कान्तवात', म्हणजे कलंडू नका. इंग्रजी डोळ्याने 'वेर्ख' वाचाल तर 'बेपेक्स' दिसतं. नव्या पोराला आम्ही आधी हे दोन शब्द आणि 'अपास्ना' म्हणजे धोका, एवढं घोकायला लावत असू. तीन शब्दांवर माझी सुरुवात झाली.

हस्ताक्षराचं सांगतो. ड्रॉइंगच्या कडेला रशियन इंजिनिअर पेन्सिलीने शेरे लिहायचे आणि आम्ही तासन् तास बघत बसायचो. मग त्यांच्यातल्या एकाने मला खूण शिकवली. हाताने लिहिताना बरेच जण त च्या डोक्यावर आडवी रेघ देतात आणि श च्या पायाखाली रेघ देतात. म्हणजे तीन दांड्या आल्या आणि वर रेघ असली तर त, खाली असली तर श. ल आणि म सुरू होताना खाली एक बारीक आकडा असतो, तो कधी गाळायचा नाही. तो गाळला की मागच्या अक्षरात मिसळून जातो. ही तीन पथ्यं पाळलीस तर दांड्यांचं जंगल निम्मं साफ होतं.

आणि कित्ता गिरव. त्यांच्याकडे लहान पोरांना तिरक्या रेघांच्या वह्या देतात, त्याला 'प्रोपिसी' म्हणतात, आपला कित्ताच तो. आपली चार रेघी वही चालते. रोज एक पान, टाइप करून नाही, हाताने.

एक गोष्ट मला फार जवळची वाटायची. रशियन माणसाला मान देऊन हाक मारायची तर नाव आणि वडिलांचं नाव. वडील प्योतर असतील तर मुलगा पित्रोविच, मुलगी पित्रोव्ना. आपल्याकडे मधलं नाव बापाचंच की. मी माझं नाव तीन तुकड्यांत सांगितलं तेव्हा समोरच्याला काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

मनमाडकर_७

मीपण गेल्या वर्षी सुरू केलं होतं, सुटलं. सरावाला माणूसच नाही मिळत. एकट्याने भिंतीशी किती बोलणार. वाचतोय.

व्होल्गापार

मी सिन्नरची, रशियात एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. पंचवीस-तीस मराठी मुलं आहोत इथे. घरच्यांना वाटतं शिक्षण इंग्रजीतून, मग रशियनची काय गरज. भारताच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, इंटर्नशिपही तिथेच, हे खरं. पण वॉर्डातल्या आजीबाई इंग्रजी बोलत नाहीत.

पहिल्या दोन वर्षांत मी रशियनचा तास म्हणजे हजेरीचा तास समजत होते. तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेले. सत्तरीच्या एक बाई पोट धरून बसल्या होत्या. मी विचारलं, 'ग्द्ये बलीत?' कुठे दुखतंय? इतकं पाठ होतं. त्या दोन मिनिटं सलग बोलल्या आणि मला एकच शब्द कळला, 'नोच्यु', रात्री. मी मान हलवत राहिले. मागून आमच्या मॅडमनी ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, कळलं नसेल तर मान हलवू नकोस, पेशंटला वाटतं डॉक्टरला कळलं. त्या रात्री मी पहिल्या वर्षाचं पुस्तक पुन्हा काढलं.

गोदाकाठची, तुला माझं एकच सांगणं. कानावर मेहनत घे. लिहिलेलं आणि ऐकू येणारं यात फरक असतो. 'ओ' वर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, नसला की तो 'अ' सारखा होतो. दुधाला लिहितात 'मोलोको', म्हणतात 'मलको'. 'खोरोशो' लिहितात, 'खरशो' म्हणतात. आणि आघात हलला की अर्थ हलतो. 'मूका' म्हणजे यातना, 'मुका' म्हणजे पीठ. मी ज्या स्वरावर आघात तो दीर्घ लिहून ठेवायचे, देवनागरीत ही सोय चांगली आहे.

स्टेथोस्कोप लावला की दोन वाक्यं रोज लागतात. 'दिशीत्ये', श्वास घ्या. 'ने दिशीत्ये', श्वास रोखा. आता माझ्या तोंडून ती मराठीइतकी सहज निघतात.

क्लासवाल्या_ताई

मी पुण्यात रशियन शिकवते, स्वतः रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. सामान्यरूप ताईंचं विभक्तीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. दोन ठिकाणी मात्र वेगळं मत आहे.

देवनागरीत रशियन लिहिण्याची सवय पहिल्या पंधरवड्यानंतर मोडा. उच्चार रोमनपेक्षा देवनागरीत जवळचा उतरतो, हे खरं. मराठी मुलांना तर मोठा फायदा आहे. 'चोर' मधला च आणि 'चार' मधला च आपण वेगळे म्हणतो, रशियनमध्ये त्या दोघांना दोन वेगळी अक्षरं आहेत. पण मृदू व्यंजन देवनागरीत नीट दाखवता येत नाही. 'ऊगल' म्हणजे कोपरा आणि 'ऊगल्य' म्हणजे कोळसा. शेवटी 'य' लिहिलात तर मुलं पूर्ण 'य' म्हणतात, तसा तो नसतो. जीभ टाळूकडे उचलून ल म्हणायचा, एवढंच. आणि काही मुलं जाड ल ला ळ म्हणतात, तेही चूक. ळ ला जीभ मागे वळते, रशियन ल ला ती दातांपाशीच राहते. हे कानाने आणि आरशासमोर शिकायचं, वहीत नाही.

गोदाकाठची, विभक्ती दोन महिन्यांत सुटेल तुझी. खरी परीक्षा क्रियापदांची. तिथेही मराठी कामी येते. 'काल संध्याकाळी मी पुस्तक वाचत होते' आणि 'मी पुस्तक वाचून काढलं'. पहिलं 'चिताला', दुसरं 'प्रचिताला'. 'लिहीत होते' आणि 'लिहून टाकलं', म्हणजे 'पिसाला' आणि 'नपिसाला'. आपण काढणे, टाकणे, बसणे, जाणे अशी क्रियापदं मागे जोडून जे करतो, ते रशियन बहुतेक वेळा पुढे उपसर्ग लावून करते. आणि जे पुरं होणारं क्रियापद आहे त्याला वर्तमानकाळ नसतोच. रूप वर्तमानासारखं दिसतं, अर्थ भविष्याचा. 'या प्रचितायू' म्हणजे मी वाचून काढेन. एखादी गोष्ट आत्ता या क्षणी वाचून 'काढलेली' कशी असेल, असा विचार केला की नियम पाठ करावा लागत नाही.

'जाणे' मात्र मराठीने सुटत नाही, ते सरावानेच. तू पंचवटीतून कॉलेजकडे पायी निघालीस, वाटेत फोन आला तर 'या इदू'. बसमध्ये असलीस तर 'या येदू'. रोज पायी जाऊन-येऊन करतेस तर 'या खझू'. रोज बसने तर 'या येझ्झू'. मी विद्यार्थ्यांना महिनाभर एक सवय लावते. घराबाहेर पाऊल टाकलं की मनात योग्य तो शब्द म्हणायचा, मग चप्पल घालायची.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. परदेशी लोकांसाठी रशियनची सरकारी परीक्षा असते, इंग्रजीत तिला 'टॉर्फल' म्हणतात. पाच भाग, शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. सगळ्यात खालच्या पायरीला साधारण ७८० शब्द लागतात, त्यावरच्या पायरीला १३००, आणि रशियन विद्यापीठात रशियनमधून पदवीला बसायचं तर जी पायरी मागतात तिला २३००. ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी तिथे एक तयारीचं वर्ष असतं, मुलं त्याला 'पद्फाक' म्हणतात. इथे राहून शिकायचं तर पुणे विद्यापीठात सर्टिफिकेटनंतर डिप्लोमा आहे. मुंबईत पेडर रोडवर रशियन सांस्कृतिक केंद्र आहे, नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने जाऊन-येऊन होतं. तुझी पदवी झाल्यावर एम. ए.चा विचार कर. दिल्लीच्या जेएनयूत तर बारावीनंतर शून्यापासून रशियनची पदवी करता येते, तुझ्या ओळखीत कुणी बारावीचं असेल तर सांग.

नोकरीचं मी खोटं सांगणार नाही. भाषांतर, विमान आणि संरक्षण क्षेत्रातली कागदपत्रं, औषध कंपन्या, पर्यटन, शिकवणं, ही कामं आहेत, पण अर्धवट भाषेला कुणी विचारत नाही. तीन वर्षं धरून चाल, एक नाही.

सामान्यरूप

ताई, देवनागरीचं पटलं. दुसरं मत कुठलं ते राहिलं.

क्लासवाल्या_ताई

हो, राहिलंच. संस्कृतशी नातं जोडणाऱ्या शब्दांच्या याद्या मुलं फार गोळा करतात, त्याबद्दल सांगायचं होतं. द्वार आणि 'द्व्येर', नभ आणि 'न्येबा', विधवा आणि 'व्दवा', आपला दीर आणि त्यांचा 'द्येवेर'. नाती खरी आहेत. पण हिम आणि 'ज़िमा' घ्या. 'ज़िमा' म्हणजे हिवाळा, बर्फाला 'स्न्येग'. मुलं यादीवर विसंबून चुकीचं वापरतात. आणि रोजचा ब्रेड, 'ख्लेब', यादीत सापडणारच नाही.

सामान्यरूप

यादीवर विसंबू नये हे मान्य. पण ताई, ज्या मुलीला अकरा मार्क पडलेत तिला ही भाषा परक्याची नाही एवढं वाटणंसुद्धा मोलाचं आहे. मला 'द्येवेर' शब्द भेटला तेव्हा मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले होते.

जुन्नरी

पुणे जिल्ह्यातून एक भर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून आमच्या जुन्नरला आला होता. सोबत विकायला घोडा होता, तो जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि नंतर बऱ्याच खटपटीने परत मिळाला. पावसाळा त्याने इथेच काढला आणि चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल असल्याची नोंद केली. 'वदा' म्हणजे पाणी, 'ग्र्याज़' म्हणजे चिखल. वदा आणि उदक एकाच कुळातले. श्रावणात घाटात गाडी अडकली की हे दोन शब्द मला हटकून आठवतात.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

तक्ता फाडला. प्रथमा ते सप्तमी नव्याने लिहिला, प्रत्येक घरात नाशिक, पुस्तक आणि आई हे तीनच शब्द. चार रेघी वहीची एकवीस पानं झाली. त च्या डोक्यावर रेघ देते आता, आणि परवा फळ्यावरचं पूर्ण वाक्य पहिल्यांदा न अडखळता वाचलं. कालच्या चाचणीत चोवीस मिळाले. 'प्रचिताला' बरोबर आलं.

बाबांना क्लासवाल्या ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी 'तीन वर्षं' पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, पुण्याच्या जाण्या-येण्याचा हिशोब काढून दे.

एक अडलंय अजून. 'अदीन रूब्ल', एक रुबल. 'प्यात रुब्ल्येय', पाच रुबल, हे षष्ठी अनेकवचन, ठीक. पण दोनाला 'द्वा रुब्ल्या', म्हणजे षष्ठी एकवचन? दोन वस्तू असताना एकवचन का?

सामान्यरूप

कारण ते मुळात एकवचन नव्हतंच. संस्कृतात 'देवौ' होतं ना, द्विवचन? जुन्या रशियनमध्येही द्विवचन होतं. ते मोडलं, पण दोनाच्या मागे त्याचं रूप चिकटून राहिलं. ते दिसायला षष्ठी एकवचनासारखं होतं, म्हणून लोकांनी तसंच धरलं आणि तीन-चारलाही लावलं. पाचापासून पुढे ते पोचलं नाही. तू द्विवचनाच्या खुणेवर बोट ठेवलंयस.

मनमाडकर_७

मी पुन्हा सुरू करतोय. रविवारी नाशकात कुणी भेटणार असेल तर सकाळच्या गाडीने येतो.

गोदाकाठची

मी येते. सार्वजनिक वाचनालयापाशी भेटू या का? काका, तुम्हाला ओझरहून जमेल?

ओझरचा_जुना

साडेदहाला पोचतो. माझ्याकडे एका पेटीची फळी अजून आहे, तीवरची अक्षरं शाबूत आहेत. घेऊन येतो. तू वही आण, म च्या आकड्याकडे बघायचंय मला.